घासकामाचं मशीन

आई, घासकामासाठी मशीन घेतलं. तुला हे सांगायला बसले आणि पहिल्याच ओळीवर अडकले, कारण आपल्या घरात घासकाम म्हणजे तू. कैनाडच्या घरामागच्या पडवीत बाबा रंधा मारायचे आणि रंध्याखालून निघालेली प्रत्येक फळी तुझ्यापुढे यायची. पदर नाकावरून घेऊन मागे खोचलेला, मांडीवर गोणपाट, हातात पॉलिश पेपर गुंडाळलेला लाकडी ठोकळा. स्वयंपाकघराचं दार पडवीतच उघडायचं. भाताच्या पातेल्यावर ताट आणि ताटावर फडकं असायचं, तरी जेवताना दाताखाली भुसा यायचाच. बाबा म्हणायचे, "सागाचा आहे, पोटात गेला तरी टिकेल." तू हसायचीस आणि हसता हसता खोकायला लागायचीस.

एकदा तू बाजाराला गेली होतीस तेव्हा मी तुझा ठोकळा उचलला आणि कुणाच्या तरी लग्नाच्या कपाटाचं दार घासून ठेवलं. तुला आनंद होईल असं वाटलं होतं. तू आलीस, पिशवी खाली न ठेवताच दारावरून तळवा फिरवलास. "आडवं घासलंस ना? लाकडाच्या रेषा कुठे चालल्यात ते बघायचं तरी. आता पॉलिश लागलं की ओरखडे सगळ्या वऱ्हाडाला दिसतील." मी रडले. तू समजूत काढली नाहीस. माझ्या हातात ठोकळा दिलास, माझ्या हातावर तुझा हात ठेवलास आणि संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून ते दार पुन्हा घासलं. तुझा तळवा इतका खरखरीत होता की वाटायचं, पेपर नसला तरी चालेल.

मग तुझा खोकला वाढला. आपण सगळे त्याला दमा म्हणायचो. कुणी म्हणायचं समुद्राचं वारं बाधतंय, कुणी म्हणायचं थंड खाऊ नकोस. डहाणूच्या डॉक्टरांनी औषध दिलं, तू घेतलंस आणि परत पडवीत येऊन बसलीस. शेवटच्या हिवाळ्यात तुला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला पाठ टेकून बसूनच झोपायचीस. तुझ्या पाठीमागची उशी सारखी करताना मला उशीवर भुशाची बारीक पूड दिसते आहे, मी ती झटकते आहे आणि कुणाच्याही, अगदी माझ्याही, डोक्यात काही येत नाही.

बाबांनंतर काम मीच चालवते. वर्कशॉप आता तलासरीला आहे, हायवेपासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये. दादा टेम्पोवर माल पोचवतो. कापकाम, जोडकाम माझं, घासकाम आणि पॉलिश वहिनीचं. ती तुझ्यानंतर घरात आली, तू तिला पाहिलं नाहीस. आवडली असती तुला, तोंडाने फटकळ आहे. घोलवडकडे चिकूच्या वाडीत एक नवं रिसॉर्ट होतंय, त्यांच्या सगळ्या दारांचं काम मिळालं आणि पावसाळा संपता संपता वहिनी खोकायला लागली. साधाच खोकला. पण मी करवत थांबवून कान देऊन ऐकायला लागले. आवाज ओळखीचा होता.

"मास्क लावा," मी म्हणाले. "गुदमरायला होतं," ती म्हणाली. "मग मशीन घेऊ." त्यावर तिने हातातला पेपर खाली ठेवला. "मशीन आलं की मी काय करू, ताई? घरी बसून भाकऱ्या थापू?" मी करवत पुन्हा चालू केली. तुझं नाव घ्यायचं नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नव्हती. दुपारी जेवायला बसले तरी मोबाईलवर ड्रम सँडरचे व्हिडिओ. तुला सांगते हे मशीन कसं असतं. वर एक रूळ, त्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला, तो गरगर फिरतो. खाली पट्टा सरकतो, पट्ट्यावर फळी ठेवली की ती रुळाखालून घासून पलीकडे निघते. मोठ्या कारखान्यांतली मशीनं आपल्यासाठी नाहीत. आपल्याला परवडतील अशी लहान मशीनं व्हिडिओत सगळीच चांगली दिसतात. म्हणून ठरवलं, आपली फळी बरोबर न्यायची आणि डोळ्यांदेखत घासून घ्यायची. वहिनीलाही नेलं. ती म्हणाली, "माझ्याच जागेवर बसणाऱ्याला बघायला मलाच नेताय." पण आली.

पहिलं पाहिलं ते चारोटीजवळ, बंद पडलेल्या एका फर्निचरवाल्याकडे. तिथल्याच वेल्डिंगवाल्याने बनवलेलं, भक्कम मोटरचं. मी एकाच जाडीच्या दोन पट्ट्या नेल्या होत्या. एक रुळाच्या या टोकाखालून घातली, दुसरी त्या टोकाखालून, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोट फिरवलं. एक जाड, एक बारीक. म्हणजे रूळच तिरका. मालक म्हणाला, "वापरून वापरून हात बसतो, मॅडम." हात बसेल, पण रूळ सरळ करायला स्क्रू कुठेच नव्हता. रुळावर झाकणही नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरं वापीला, हायवेवरच्या एका दुकानात. नवं कोरं, रुंद, आपलं आख्खं दार एका दमात जाईल असं. मला ते पाहताक्षणी हवंसं झालं. दुकानदाराने गाळ्याचं शटर अर्धं ओढून मशीन चालू केलं आणि माझी फळी आत सोडली. फळी बाहेर आली ती आरशासारखी, फक्त शेवटच्या टोकाला बोटभर रुंदीचा खड्डा. "चालशे, बेन, एटलुं तो चालशे," तो म्हणाला आणि त्याने दुसरी फळी घातली. मागे भुशाच्या पाइपसाठी भोक होतं, पण पाइप जोडलेलाच नव्हता. बघता बघता गाळा पिवळा झाला. उन्हाच्या पट्ट्यात पूड तरंगत होती. त्या धुरकट उजेडात वहिनीने पदर नाकाला लावला, मागे खोचला आणि खोकली.

आई, मी काय केलं ते सांगते. दुकानदार बोलत असताना मी त्याच्या अंगावरून हात घालून बटण बंद केलं. फळी अर्धी आत, अर्धी बाहेर. "अरे बेन, शुं थयुं?" मी वहिनीचा दंड धरला आणि तिला शटरखालून ओढतच बाहेर आणलं. ती चिडली. "लोकांसमोर काय हे? मी काय मरतेय?" आणि मग मी तिथेच, ट्रकांच्या आवाजात, ओरडून तिला सगळं सांगितलं. पडवी, गोणपाट, उशीवरची पूड. भिंतीला टेकून झोपणं. तिने ऐकून घेतलं. मग पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. "हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं काम तुम्हाला हळू वाटतंय."

मशीनची निवड त्या रस्त्याच्या कडेलाच बदलली. मी आधी रुंदी बघत होते, वेग बघत होते, फिनिश बघत होते. आता पहिला प्रश्न एकच, भुसा कुठे जातो? घेतलं ते डहाणूला एका एजंटाकडे होतं, दिसायला गरीब, अरुंद. त्याची एक बाजू मोकळी आहे, त्यामुळे दार अर्धं घासायचं, फिरवायचं आणि उरलेलं अर्धं घालायचं. रूळ केसभर चुकला की मधोमध रेघ उमटते. पण रूळ सरळ करायला स्क्रू आहेत, झाकण घट्ट बसतं आणि रुंद मशीन न घेतल्यामुळे भुसा ओढणारा मोठा पंखा घेता आला. त्याची पिशवी शेडच्या बाहेर टांगली आहे.

पहिल्या आठवड्यात मी घाई केली. रूळ जास्त खाली घेतला आणि सागावर काळे चट्टे पडले, पेपर सागाच्या तेलाने बुजून बसला. एक आख्खं दार वाया गेलं. वहिनीने रूळ खाली-वर करायच्या चक्राचा ताबा माझ्याकडून काढून घेतला. "तुम्हाला धीर नाही, ताई. तुम्ही कापा." ती थोडं थोडं खाली घेते, पुन्हा पुन्हा फळी सोडते, गुणगुणत. मधली रेघही आता येत नाही. तिने बाहेरच्या पिशवीत साठलेली पूड मला दाखवली, पिठासारखी. रिसॉर्टची दारं वेळेत गेली.

कासा गावच्या दवाखान्यात नेऊन तिचा एक्स-रे काढला. मी बाहेर बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होते. स्वच्छ निघाला. डॉक्टरीण म्हणाली, धुळीपासून लांब राहा, खोकला जाईल. आणि गेलाही. बाहेर येऊन वहिनीने गाडीवरची भजी घेतली आणि परतीच्या जीपमध्ये बसून दोघींनी खाल्ली. ती खिडकीतून हात बाहेर काढून वारा घेत होती. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि तरी ते तलासरीपर्यंतही टिकलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी करून पर्समध्ये राहील. पण आत जी तगमग चालू आहे, तिचं कारण मशीन नाही, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं, "तुम्हीही त्याच कामात ना? तुमचाही काढू या का?" मी म्हणाले, "मला काही नाही." आई, मी सकाळी वहिनीच्या आधी शेडमध्ये येते. मशीन चालू करते, फळी न घालता, रिकामंच. त्याच्या आवाजात खोकून घेते, आणि ती यायच्या आत तोंड धुते.