नववा मजला, जिन्याने

आदरणीय वहिनींना,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण माझे गुडघे हल्ली त्याला कबूल होत नाहीत. तेव्हा उभ्या उभ्याच, पण मनापासून नमस्कार. तुमचं ब्लडप्रेशर ताळ्यावर असेल, आणि गोळ्या तुम्ही शेजारणीला नव्हे, डॉक्टरांना विचारून घेत असाल अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचा.)

दादा गेले, तुमचा संसार अर्ध्यावर राहिला. त्यापुढे आम्हा दोघा मेकॅनिकांची जोडी मोडली याचं रडगाणं तुमच्याकडे काय गायचं, म्हणून गप्प राहिलो आणि यायचंही राहून गेलं. त्याची रुखरुख रोज आहे. आता खरी गोष्ट ऐका, आणि हसायचं तर हसा. लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माझं पाऊल लिफ्टमध्ये पडत नाही. दार उघडतं, बाकीचे आत जातात, आणि मी बाहेर उभा राहून दाराची फट तपासतो, जणू कंपनीनेच धाडलंय. कंपनीत पाठदुखीचं निमित्त सांगून वर्कशॉपच्या टेबलावर मोटारी उघडत बसलो होतो. पण साहेबांनी सांगून टाकलं, की महिनाअखेरीपासून साइटवर या, नाहीतर घरी बसा. शेवटी माझ्या बहिणीने दम भरला, की हे पाठीचं दुखणं नव्हे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा (म्हणजे गोळ्या न देता बोलून बरं करणारे), आणि आधी ते विम्यात बसतात का ते विचार.

विमा कंपनीने फोनवर आधी बराच वेळ संगीत ऐकवलं. (त्याने माणूस अर्धा बरा होतो किंवा पुरता बिघडतो.) मग एक गोड बोलणारी मुलगी आली. तुम्ही ॲडमिट होणार का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बाई, ॲडमिट करायला लिफ्टनेच नेतात, म्हणून तर फोन केलाय. ते तिच्या कॉम्प्युटरच्या कुठल्याच रकान्यात बसलं नाही. तरी बिचारीने जवळपासची नावं दिली. पहिल्यांचा दवाखाना कधीच हललेला, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. (चष्मा घेतला. घ्यायचाच होता.) दुसरे फक्त लहान मुलांना तपासतात, हे मला तिथल्या बुटक्या खुर्चीत अडकल्यावर कळलं, बाहेर काढायला दोन पेशंटांच्या आयांनी हात दिला. तिसऱ्या बाई मात्र जवळच्या, मोठ्या माणसांच्या, विमा चालणाऱ्या. सगळं जुळलं. फक्त दवाखाना नवव्या मजल्यावर.

जिन्याने गेलो. वर पोहोचलो तेव्हा अशी धाप लागली होती, की काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. हृदय विम्यात बसतं का, तेही तेवढ्यात विचारलं. ते लगेच बसलं. मनासाठी मात्र आधी नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते म्हणाल्या. चिठ्ठी नव्हती. उतरलो. चिठ्ठी आणून पुन्हा चढलो. वहिनी, तिथली लिफ्ट दादांनी आणि मी बसवलेली आहे. मी जिन्यात धापा टाकत होतो आणि पलीकडून ती वर-खाली जात होती, अजून जराही कुरकुरत नाही. दादांचा हात लागलेला.

सायकॉलॉजिस्ट बाई माझ्या भाचीच्या वयाच्या, शांत. लिफ्टबद्दल सांगा म्हणाल्या. मी दोर, ब्रेक, दाराची कुलपं, सगळं सांगितलं आणि आमचा नियमही सांगितला. तुम्हाला तो ठाऊक आहे: लिफ्ट हलवायचं बटण दाबायच्या आधी वरच्याने खाली ओरडायचं, 'आहेस का?' आणि खालून 'आहे' आल्याशिवाय हात लावायचा नाही. (मान-पान बघायला तिथे वेळ नसतो, म्हणून दादांनाही एकेरीच. त्यांचं 'आहे' इतकं दणदणीत, की मधल्या मजल्यांवरची माणसं दारं उघडून बघायची.) सगळं ऐकून बाईंनी एवढंच विचारलं, "आता उत्तर कोण देतं?"

उरलेला वेळ त्या कागदी रुमाल पुरवत होत्या, तेही विम्यात असावेत. दादा गेल्यावर पहिल्याच कामाला मी सवयीने खाली ओरडलो होतो. नवा जोडीदार खालून म्हणाला, "हो साहेब." त्याचं काही चुकलं नाही. पण माझ्याने बटण दाबवलं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलंही नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं. आपण दोघंही आपापल्या घरात तोंड मिटून बसलो, हे फार वाईट झालं.

बाकी क्षेम. तुम्ही माझी काळजी करू नये, मी तुमची करणार नाही. बघू आधी कोण शब्द मोडतं.

तुमचा धाकटा दीर
(रक्ताचा नसलो, तरी तुमच्या डब्यावर पोसलेला)

ता. क. : बाई म्हणतात, आधी लिफ्टने एकच मजला जाऊन बघा, फक्त खाली विश्वासाचं माणूस उभं करा. बहिणीचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. तुमच्या आवाजाची ख्याती वेगळी. दादा म्हणायचे, "हिने जेवायला हाक मारली, की शेजारचेही हात धुऊन बसतात." तर वहिनी, याल का? एकच शब्द म्हणायचा आहे.

आणखी एक : सोबतीचा प्रवासखर्च विम्यात बसतो का, ते विचारलं. मुलगी म्हणाली, एक मिनिट हं. मग संगीत लागलं.

शेवटचं : जमणार नसेल तर राहू द्या, जिना मजबूत आहे. पत्राचं उत्तर लिहीत बसू नका. रविवारी सकाळी मी फोन करीन आणि 'आहेस का?' असं विचारीन. एकेरीचा राग मानू नका, तिथली रीतच तशी आहे.