नववा लागेपर्यंत

चिंचणी,
३ मार्च १९६९

प्रिय रतनबाय,

तुझं कार्ड मिळालं. आठव्या महिन्यात बाईने वेस ओलांडू नये, नववा लागला की माहेरी येते, असं लिहिलं आहेस. वाचून हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण हे मीच तुम्हा दोघी बहिणींना शिकवलेलं. वाडीत चिकू उतरवायचं चाललं आहे, तात्यांचा खोकला तसाच आहे. पण आज ते सगळं राहू दे.

चंपाला जाऊन सव्वा वर्ष झालं. त्या सोमवारी पहाटे इथे मांडणीवरची पितळी भांडी आपोआप वाजली. मांजर शिरलं असेल म्हणून मी शुकशुक केलं आणि तुळशीला पाणी घालायला गेले. त्याच घटकेला तिकडे कोयनानगरला खोलीची दगडमातीची भिंत तिच्या अंगावर आली होती. तिचा नवरा, आपला चंदर, रात्रपाळीला होता म्हणून वाचला. तात्या पेपर वाचून सांगतात, धरणाच्या पाण्याच्या भाराने जमीन हलली असं काही जाणकार म्हणतात, काही नाही म्हणतात. शेजारची बायजी म्हणते, देवीचा कोप. मी कोणाशी वाद घालत नाही. जमीन का हलली ते मला कळायचं नाही. चंपा त्या भिंतीखाली का होती, ते मला ठाऊक आहे.

चंदरला रजा मिळाली नाही म्हणून ती येऊ शकली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. रजा मिळाली होती. इथे जमीन अधूनमधून हादरते, ती घाबरते, तिला घेऊन येतो, असं त्याने कळवलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, आठवा आहे, वाटेत नद्या आहेत, गुरुवारी नववा लागेल, मग निघा. सोमवार ते गुरुवार. तीनच दिवस गं.

दिवसकार्य उरकल्यावर तो तिची ट्रंक घेऊन आला. आत बाळाची टोपडी, मीच शिवून पाठवलेली. ओटीवर सगळी भावकी बसलेली. सगळ्यांदेखत मीच विचारलं, "रजा मिळाली नाही ना तुम्हाला?" माझं पत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं, वरची ओळ मला दिसत होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही मिळाली, आई." तेव्हापासून तू त्याचं नाव टाकलंस. तुझ्या लग्नात तो मांडवाबाहेर उभा राहिला, तू त्याच्या पाया पडली नाहीस, आणि मी अक्षता वाटत राहिले.

देवापुढे दिवा अजून लावते. मागत काही नाही. ज्या तोंडाने चंदरला ते विचारलं, त्या तोंडाने देवाचं नाव कसं घ्यायचं?

चंदरला मी बोलावून घेतलं. काय लिहिलं आहे ते त्याला सांगितलं नाही. हे पाकीट उधव्याला तोच आणतो आहे. तू वाचतेस तेव्हा तो तुझ्या ओट्यावर उभा असेल. त्याला आधी आत घे, पाणी दे. मग नववा लागायची वाट न बघता आजच त्याच्याबरोबर नीघ. आल्यावर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी, आणि चंपाचीही,
आई