लेनाचे बटाट्याचे गोळे

आदिनाथ जर्मनीहून दिंद्रुडला एकटाच आला. बायकोला, लेनाला, रजा मिळाली नाही असं त्यानं आईला सांगितलं होतं. खरं तर ती उन्हाळ्यातच घर सोडून गेली होती.

आज आपल्या बहिणीकडे वडवणीला जाताना त्याची आई केशरबाई म्हणाल्या, "सूनबाई ते बटाट्याचे गोळे करती म्हनतूस, करून ठेव की. तिच्या न्हाई तर तुज्या हातचे खाईन."

त्यानं बटाटे उकडून कुस्करले, मक्याचं पीठ घालून मळले, पोटात तळलेल्या पावाचा तुकडा भरून गोळे वळले. पहिले गोळे शिजायला गरम पाण्यात सोडले, ते विरघळले. पीठ किती घालायचं हे विचारायला त्यानं लेनाचा नंबर काढला आणि फोन तसाच ठेवून दिला. अंदाजानं अजून पीठ घातलं. दुसरे गोळे टिकले. त्यातला एक खाल्ला, तर चव तिच्याच हातची. मग त्याला घरात बसवेना. त्यानं चिठ्ठी लिहिली.

"आई, गोळे पातेल्यात झाकलेत. गरम करताना पाणी खळखळू देऊ नको, फुटतेत. तुला लई अळणी लागतील, संग वांग्याचा रस्सा घे. मी धरणाकडं चाललो. जेवायला थांबू नको. लेना आता येणार न्हाई, आमी येगळे झालो. तोंडानं सांगवंना म्हनून लिवलं."

चिठ्ठी पातेल्याजवळ ठेवून तो गाडीपर्यंत गेला आणि माघारी आला. 'जेवायला थांबू नको' एवढं खोडून त्यावर लिहिलं, "मी येस्तोवर जेवू नको, आई."