चकलीच्या केसांबाबत लेखी खुलासा मिळण्याविषयी

दिनांक : ६ जानेवारी २०२५

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना,
सोलापूर.

अर्जदार : बिरप्पा अमोगसिद्ध हाके, एसटी वाहक, रा. जुळे सोलापूर (मूळ गाव ता. मंगळवेढा)

विषय : केस गळत नाहीत असे सांगून दिलेल्या शित्झू जातीच्या पिलाची जात व केस तपासून लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : मागील गुरुवारी आपण अर्जदारास समक्ष तोंडी सांगितलेली बाब (अर्जदारास ती मान्य नाही).

महोदया,

१. अर्जदाराची पत्नी वैजयंती गेल्या श्रावणात वारली. मागे दोन मुले आहेत. ऋतुराज सातवीला आणि संस्कृती तिसरीला. घरात अर्जदाराची आई बजाबाई असते. संस्कृतीला लहानपणापासून दमा आहे. आई गेल्यापासून ती शाळेत बोलत नव्हती आणि घरी नीट जेवत नव्हती. पत्नीने आजारपणात तिला कुत्रे आणून देण्याचे कबूल केले होते. त्याच्या अटीही पत्नीनेच घातल्या होत्या. आकाराने लहान हवे, कारण घर दोन खोल्यांचे. पोरांवर गुरगुरणारे नको. आणि केस गळणारे तर बिलकूल नको. या अटी अर्जदाराने तंतोतंत पाळल्या आहेत. हे आधीच नमूद करण्याचे कारण, शेवटी चूक अर्जदाराचीच निघेल असे त्यास वाटू लागले आहे.

२. कुत्रे निवडताना अर्जदाराने डोळे झाकून काही केले नाही. गावाकडून चुलत्यांनी मेंढरांमागचे एक पिलू देऊ केले. स्वभावाने चांगले होते, पण ती जात वाढून वासराएवढी होते. ते नाकारले. त्यानंतर एका गृहस्थांनी पांढरे पॉमेरियन दाखवले. 'केस? एक पडला तर मला सांगा' असे ते म्हणाले. अर्जदार मुद्दाम काळी पँट घालून गेला होता. पिलू मांडीवरून उतरले तेव्हा पँट काळी राहिली नव्हती. गृहस्थ म्हणाले, 'आज त्याचा मूड नाही.' केसांचा मुडाशी काय संबंध, हे त्यांनी सांगितले नाही.

३. शेवटी विक्रेते श्री. संगमेश यांच्याकडे सदर पिलू मिळाले. काळे-पांढरे, मादी, शित्झू म्हणून. अर्जदाराने ओला तळवा तिच्या पाठीवरून उलटसुलट फिरवला. हाताला काही लागले नाही. यावरून पिलू आदल्या दिवशीच विंचरून ठेवले असावे असा संशय आला व तो अद्याप गेलेला नाही. वयाबाबतही तसेच. अर्ध्या तिकिटासाठी मिशी फुटलेल्या पोराला दहा वर्षांचा सांगणारे लोक अर्जदार रोज पाहतो. म्हणून त्याने पिलाचे दात स्वतः पाहिले. दात बरोबर होते. संगमेश म्हणाले, 'मामा, कुत्रं घेताय का बैल?' आवडले नाही तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत परत घेईन, असे त्यांनी कबूल केले आहे. जत्रा आता तोंडावर आली आहे. घाईचे कारण हेच.

४. पिलू दिवाळीत आले म्हणून पोरांनी त्याचे नाव चकली ठेवले. पहिल्याच दिवशी संस्कृतीने तिला शाळेतले सगळे सांगितले. जे आम्हाला सांगत नव्हती ते सगळे. अर्जदार दाराआडून ऐकत होता. याबाबत अर्जदाराची तक्रार नाही.

५. तक्रार अशी की थंडी पडली आणि संस्कृतीची छाती वाजू लागली. तिच्या उशीवर आखूड, जाड, काळे केस सापडू लागले. चकलीची पाठ काळी आहे. आणखी काय पुरावा हवा, असे अर्जदारास वाटले. मुलीच्या डॉक्टरांनी औषध वाढवून दिले आणि केस अजिबात न सोडणारा कुत्रा जगात नसतो, कमी सोडणारा असतो, असे सांगितले. हे विकत घेण्याआधी कोणीच सांगत नाही. आपणही सांगितले की या जातीचे केस माणसासारखे वाढत राहतात, गळतात थोडे, पण विंचरावे व कापावे लागतात. जे गळत नाही ते कापावे का लागते, असे अर्जदाराने विचारले होते. वास्तविक मेंढराचेही तसेच असते हे अर्जदारास ठाऊक आहे. त्याचे आजोबा कातरीच घेऊन फिरायचे. पण कुत्रे म्हणजे मेंढरू नव्हे.

६. खात्री करण्यासाठी अर्जदाराने चकलीला वळसंग येथे मेहुणीकडे ठेवले. संस्कृती त्या दिवसापासून जेवली नाही. तिने अर्जदारास 'तुमी सगळ्यांना पाटवून देता' असे म्हटले. अर्जदाराने ते ऐकून घेतले. घर झाडले, पुसले, उशीचा अभ्रा बदलला. तरी सकाळी उशीवर केस होतेच आणि छातीही वाजतच होती.

७. यावरून अर्जदाराचा संशय खालच्या मजल्यावरील श्री. मानसिंग यांच्यावर गेला. त्यांचा सोसायटीत कुत्रे ठेवण्यास पहिल्यापासून विरोध आहे. ते खिडकीतून केस आत टाकत असावेत असे वाटून अर्जदाराने खिडकीला ओले फडके बांधले. केस यायचे थांबले नाहीत. मानसिंग यांनी हे फडके पाहून विचारणा केली असता अर्जदाराने कारण सांगितले. त्यांनी खालून वर खिडकीकडे पाहिले. मग म्हणाले, 'बिरप्पा, मी वरच्या मजल्यावर केस फेकू कसा, ते तरी सांग की.' हा मुद्दा अर्जदारास तेव्हा सुचला नव्हता. आता ते येता-जाता पोरांच्या हाती चकलीसाठी बिस्कीट देतात. त्यामागचा हेतू कळलेला नाही.

८. चकलीला परत आणले. मागील गुरुवारी अर्जदार उशीवरचे केस कागदात घेऊन आपल्याकडे आला. आपण भिंगातून पाहून म्हणालात, 'हा कुत्र्याचा केस नाही. लोकर दिसते. घरात लोकरीचं काही आहे का?' अर्जदार नाही म्हणाला.
आपल्यावर अर्जदाराचा संशय नाही. तथापि संगमेश यांची पिले आपल्याच दवाखान्यात लस टोचून घेतात आणि ते त्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. आपण त्यांना 'काय संगमेश, आज इकडे?' असे विचारल्याचे अर्जदाराने ऐकले. फक्त नोंद म्हणून लिहिले आहे. म्हणून तोंडी नको, लेखी हवे.

९. सोबत तीन पाकिटे जोडली आहेत. पहिल्यात अर्जदाराने स्वतः विंचरून काढलेले चकलीचे केस आहेत. फार निघाले नाहीत. दुसऱ्यात उशीवरचे आहेत. तिसऱ्यावर काही लिहिलेले नाही. आपली परीक्षा पाहावी म्हणून ते कशाचे हे लिहायचे नाही, असे ठरवले होते.

१०. अर्जात 'मी' लिहायचे नसते, असे डेपोतल्या क्लार्कने सांगितले होते, म्हणून इथपर्यंत अर्जदार लिहिले. पुढचे तसे लिहिता येत नाही.

तिसऱ्या पाकिटात घोंगडीचे केस आहेत. काळी घोंगडी आहे, आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी दिलेली. वैजयंती शेवटी तिच्यावरच असायची. गादी टोचते म्हणायची आणि घोंगडी टोचत नाही म्हणायची. ती गेल्यावर सुतक फिटले त्या दिवशी घरातले सगळे धुतले. चादरी, पडदे, तिच्या साड्यासुद्धा. घोंगडी धुतली नाही. आमच्यात लोकरीला विटाळ मानत नाहीत. आई म्हणाली, 'तिला कशाला पानी दावतो रं? घोंगडी सवळीच असती की.' मीही बरे म्हणालो. तिने तसे म्हणावे म्हणूनच मी विचारले होते.

थंडी पडल्यावर ती मीच पोरांना पांघरायला काढली. संस्कृती तिचा काठ उशीवर ओढून त्यात नाक खुपसून झोपते. मी विचारले नाही का म्हणून. मला माहीत आहे. पोरे शाळेत गेल्यावर मीही तेच करतो. चकली रोज संध्याकाळी घोंगडीवर उकरून जागा करते, मग झोपते. त्याने केस आणखी सुटत असतील.

मी धनगराचा मुलगा आहे. मेंढराचा केस चिमटीत धरला की मला कळतो. दिवाळीनंतर पहिला केस उशीवरून उचलला तेव्हाच कळला होता. तरी मी वळसंगला गेलो, खिडकीला फडके बांधले आणि आपल्यासमोर नाही म्हणालो.

११. तरी विनंती की आपण तिन्ही पाकिटे पाहून जे असेल ते शिक्का मारून लिहून द्यावे. दुसरे आणि तिसरे एकच आहे असे असेल, तर घोंगडी पोरीच्या अंथरुणात ठेवू नये व धुवून घ्यावी, असेही त्यात स्पष्ट लिहावे. हे आपल्या खात्याचे काम नाही याची मला कल्पना आहे. परंतु आई माझे ऐकणार नाही आणि संस्कृतीला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. सरकारी कागद असला की मी तो नुसता वाचून दाखवीन.

धुतल्यावर घोंगडीत काय राहील आणि काय राहणार नाही, हे आपल्याला विचारत नाही.

१२. श्री. संगमेश यांना मी आज सकाळी फोन करून चकली परत देणार नाही, असे कळवले आहे. त्यामुळे जत्रेची घाई आता राहिली नाही. तरीही उत्तर लवकर द्यावे. या आठवड्यात ऊन चांगले आहे, जाड लोकरही दिवसात वाळेल.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
बिरप्पा अमोगसिद्ध हाके

सोबत :
पाकीट १ – चकलीचे केस.
पाकीट २ – संस्कृतीच्या उशीवरील केस.
पाकीट ३ – वर लिहिल्याप्रमाणे. हे पाकीट काम झाल्यावर कृपया परत मिळावे.