आमच्या इंग्लिश शाळेचा उसना इतिहास

नाना,

आमच्या शाळेला यंदा पंधरा वर्षं झाली आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ऑफिसात ॲडमिशन बघते, पण बाकी सगळे वेळेवर सटकले. आता पंधरा वर्षांत कसला डोंबलाचा इतिहास? दुबईत अल कुसैसमधली इंग्लिश पद्धतीची शाळा. दोन व्हिलांत सुरू झाली, मग बिल्डिंग झाली, मग एसी बदलले. खलास! अर्ध्या पानात आटोपलं. आमच्या प्रिन्सिपल मॅडम थेट इंग्लंडच्या. त्यांना जाडजूड पुस्तक हवं आणि त्यात शाळेचं कॅरेक्टर दिसायला हवं. ते मी कुठून आणू? शेवटी तुमचं उचललं.

तुमच्या शाळेत उशिरा आलेल्याला छडी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिली घंटा त्यानं द्यायची, म्हणजे झक मारत सगळ्यांच्या आधी यायचं. हेडमास्तरांची मुलगी म्हणून मला सूट मिळेल असं वाटलेलं. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "घरून माझ्याबरोबर निघालीस आणि माझ्यानंतर पोचलीस, ही करामत कशी केलीस बाई?" दुसऱ्या दिवशी मी रडत रडत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी आपटतेय आणि तुम्ही घड्याळ बघत उभे आहात. हा सगळा प्रसंग मी आमच्या शाळेच्या पहिल्या वर्षाचा म्हणून लिहिला. तुमच्या जागी आमचे संस्थापक घातले. ते आता थकलेत. त्यांनी मसुदा वाचला आणि डोळे पुसत म्हणाले, "हां हां, मुझे अच्छी तरह याद है."

मॅडम तर हरखल्याच. "सो व्हेरी इंग्लिश!" म्हणाल्या आणि अल क्वोजच्या एका गोदामातून पितळी घंटा मागवली. आता उशिरा येणारी मुलं ती वाजवतात. अजमानहून येणाऱ्यांना रोजच ट्रॅफिक लागतो, त्यामुळे घंटेला नंबर लावावे लागतात. परवा तुमच्या नातीचा नंबर होता. पहाटे मला हलवून म्हणते, "ममा, यल्ला, गेट अप!" मी म्हटलं, अगं, आमच्याही शाळेत असंच होतं. तर म्हणाली, "नो ममा, इट्स अ ब्रिटिश थिंग. यू वोन्ट गेट इट." मी पोट धरून हसले. मग गाडी चालवताना स्वतःचाच भयंकर राग आला.

पुस्तक उद्या छापायला जातंय. ही रीत माझ्या वडिलांच्या मराठी शाळेची, एवढी एक ओळ त्यात घालायची आहे आणि तीन दिवस मी ती लिहून खोडतेय. नोकरी जाईल म्हणून नाही हो. मॅडमनी तुम्हाला पाहिलंय म्हणून. तुम्ही इथे आला होतात तेव्हा शाळा बघायचा हट्ट धरलात. पायजमा, टोपी आणि दुबईच्या उन्हात काखेत छत्री. मॅडमनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, गावाकडचे लांबचे नातेवाईक आहेत. तुम्ही हसून नमस्कार केलात. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणालात, "शाळा स्वच्छ ठेवलीय."

आता ओळ घातली आहे, 'माझे वडील' या शब्दांसकट. सकाळी मॅडमना तोंडानंही सांगेन. पण तुम्हाला कसं सांगू? त्या दिवशी ते 'लांबचे नातेवाईक' मी मुद्दाम इंग्लिशमध्ये, भराभर बोलले, तुम्हाला कळू नये म्हणून. आणि नाना, तुम्ही जन्मभर इंग्रजीच तर शिकवलंत.