खाटेखालची पाहुणी

आईस लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी बरा आहे. भटक्या कुत्र्यांच्या आश्रमातून एक कुत्री आणली. आली तशी खाटेखाली घुसली. राणी म्हण, सोनी म्हण, ढिम्म! आश्रमाच्या बाईंनी बजावलं होतं, "रविवारी बघायला येईन. हाकेला आली नाही तर परत नेईन."

शनिवारी तिच्यासाठी खोकं ठोकताना हातोडी माझ्याच अंगठ्यावर बसली. मी बोंबललो, "आई गं!" तशी धावत आली आणि अंगठा चाटायला लागली. अंगठा बरा आहे, काळजी करू नकोस.

आता तेच तिचं नाव. बाईंसमोरही त्याच हाकेला शेपटी हलवत आली.

रागावू नकोस गं. आधीही या खोलीत ही हाक मारायचो, पण कोणी यायचं नाही.

गुडघे कसे आहेत तुझे?

तुझा धांदरट