डावीकडची टाचणी

४ मार्च

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोकला गेला म्हणतोस, पण अक्षर अजून खोकतंय. औषध अर्धवट सोडू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती.

इकडची बातमी मोठी आहे. गच्चीवरच्या जाळीत पाळलेल्या किड्यांतल्या हिरव्या मादीची सगळी पिल्लं आता मोठी झाली. आई साधी हिरवीगार, आणि लेकरं बघ: बरीचशी हिरवी, काही पिवळ्या कॉलरची, एक तर अख्खं नारिंगी! म्हणजे आपण दोघं इतकी वर्षं ओरडत होतो तेच खरं. रंग बघून लोक ज्याच्या तीन जाती करतात, तो वास मारणारा घाण्या ढेकण्या एकच. मुळात थंडीत तपकिरी होतो आणि ऊन तापलं की परत हिरवा, त्याच्या रंगावर कसला भरवसा ठेवायचा? मी प्रत्येक रंगाचा नर भिजवून भिंगाखाली उघडला. शेपटाकडचा, मादीला धरायचा आकडा सगळ्यांचा सारखा. जात ठरते ती आकड्यावरून, कपड्यांवरून नाही.

पेटीच्या तिसऱ्या खणातला माझा झाडाच्या सालीखालचा घाण्या मात्र खरोखर निराळा आहे. दिसायला अगदीच गरीब, पण आकडा वेगळा. वंश तोच, जात नवी. अजून नर एकच मिळालाय. दुसरा मिळेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. नाव कुणाचं द्यायचं ते तुला ठाऊकच आहे. दवाखान्यात आईला कबूल केलं तेव्हा तू खाटेच्या पायथ्याशी बसला होतास. आई हसली होती. म्हणाली होती, जन्मभर दोरीवरच्या कपड्यांतून घाणे झटकले, त्याचं बरं फळ मिळालं म्हणायचं.

संग्रहालयातले साहेब काल परत माझ्यावर घसरले. सगळं जग किड्याच्या पाठीवरच्या ढालीत उजवीकडे टाचणी मारतं, तुमचीच डावीकडे कशी, म्हणून. मी म्हटलं, डावखुरी बाई नोकरीला घेताना बघायचं होतं.

या पिल्लांतला आधी मोठा झालेला जो कॉलरवाला तू कॉलेजच्या मुलांना दाखवायला नेलास, तो टाचणीसकट जपून परत आण. आणि आपल्या लेखातला शेतांचा भाग लवकर लिही, तुझ्यावाचून अडलंय. कायम नोकरीचं काही कळलं का?

माया आहेच, पत्रांची काटकसर नको.
तुझी
ताई

२० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी बस. बसलीस? आता सोबतचा कीटकशास्त्राच्या मासिकाचा अंक उघड.

होय, नवी जात! पिवळ्या कॉलरची, डोंगरउतारावर मिळालेली. नाव वाचलंस ना? आईचं आहे. अण्णांना फोनवर सांगितलं तर त्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं, गंमत करायची होती.

एकच जात की अनेक, या जुन्या वादात मी आपली बाजू सोडली म्हणून तू थोडी नाराज होशील, माहीत आहे. पण आमच्या विभागप्रमुखांचं मत वेगळं पडलं, आणि कायम नोकरीच्या मुलाखतीआधी काहीतरी छापून यायलाच हवं होतं. त्यांनी लेखाखाली सहीसुद्धा दिली. आता नोकरी पक्की समज. तुझी वहिनी म्हणते, ताईंना नुसते पेढे नाहीत, साडी द्यायची.

आपला जुना लेख तूर्त बाजूला राहू दे. रागावू नकोस गं, आणि शाबासकी लांबलचक लिही.

तुझ्या कौतुकाची वाट पाहणारा,
भुंग्या

२ ऑगस्ट

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

लांबलचकच लिहिते.

आईचं नाव छापलेलं पाहिलं आणि पहिल्यांदा मला रडूच आलं. आनंदाने. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मी पहिल्यापासून नाकं मुरडत बसले होते.

मग फोटो पाहिला. नव्या जातीचा साक्षीदार म्हणून जो एक किडा कायमचा जपून ठेवतात, त्याचा फोटो. भुंग्या, त्याची टाचणी डावीकडे आहे.

तो डोंगरउतारावरचा नाही. तो माझ्या गच्चीवरच्या जाळीतला आहे. तू नेलास तोच. त्याची आई हिरवी होती आणि त्याची सख्खी भावंडं माझ्या पेटीत ओळीने बसली आहेत. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण मार्चमध्ये मीच तुला कळवलंय. नोकरीसाठी घाई केलीस, एक वेळ समजू शकते. पण माझाच किडा घेऊन माझंच म्हणणं खोटं पाडलंस? आणि नाव! ते कशासाठी राखून ठेवलं होतं, हे माझ्याखेरीज जगात तुला एकट्याला माहीत होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं.

तरी ऐक. तू स्वतःच पुढच्या अंकात लिही की चूक झाली, नमुन्यांची गल्लत झाली. मी खाली सही करते, शेजारी उभी राहते, काय बोलणी खायची ती दोघं मिळून खाऊ. आणि तो किडा मला पाठव.

अजूनही तुझीच,
ताई

१९ ऑगस्ट

चि. डावरीस अ. उ. आ.

प्रकृती ठीक. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

तो छापलेला कागद मी चौकट करून तुझ्या आईच्या फोटोशेजारी लावलाय. येईल त्याला दाखवतो. काल गॅसवाल्यालाही दाखवला. तो म्हणाला, अहो, हा तर घरात येतो तो वास मारणारा किडा! मी म्हटलं, असेना, नाव वाच.

भुंग्या म्हणाला की तुला काहीतरी खुपलंय. पोरी, तू मोठी. इतकी वर्षं तू त्या पेट्यांत डोकं घालून बसलीस आणि नाव धाकट्याचं झालं, वाईट वाटणारच. पण भावाच्या ताटातलं मोजू नये. निदान त्याची नोकरी कायम होईतो गप्प राहा. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

थकलेल्या बापाचं एवढं ऐक.
अण्णा

२८ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने झोप उडाली. ताई, आपल्यात गैरसमज नको. अगं, छपाईत फोटो उलटा लागला! आरशात दिसतो तसा. म्हणून टाचणी डावीकडे दिसते. तुझा कॉलरवाला मुलांच्या हाताळण्यात मोडला, ते सांगायची मला लाज वाटली, एवढाच माझा गुन्हा.

मूळ किडा डबीतून पाठवतोय. स्वतःच्या डोळ्यांनी बघ, टाचणी उजवीकडेच आहे. बघितलास की लगेच परत पाठव, प्रमुखांना न सांगता काढलाय. पंधरा दिवसांनी मुलाखत आहे. आशीर्वाद दे.

तुझ्यावर हक्क सांगणारा,
भुंग्या

६ सप्टेंबर

भुंग्या,

डबी पोचली. टाचणी उजवीकडे आहे.

तुझं पत्र वाचून मी खिडकीशी उभं राहून हसले होते. म्हटलं, देवा, फोटोच उलटा होता, आणि मी पाठच्या भावाला काय काय बोलले! तुला माफीचं पत्र लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्याही. मग त्या किड्याला परत पाठवण्याआधी सवयीने भिंगाखाली धरलं.

ढालीच्या डाव्या बाजूला भोक आहे. डिंकाने बुजवून वर हिरवा रंग लावलाय. छान लावलाय, तुझा हात पूर्वीपासून हलका.

तू टाचणी उपसून उजव्या बाजूला मारलीस. जपून, मिशी न मोडता. ही घाई नव्हे रे. हे करताना तू टेबलाशी बसलास, दिवा जवळ ओढलास, आणि मनाशी ठरवलंस की ताई भिंग घेणारच नाही, ताई माझ्यावर विश्वास ठेवील. बाकी सगळं मी गिळलं असतं. माझ्या विश्वासाचा असा हिशेब मांडलास, ते गिळता येत नाही.

मी अंकाच्या संपादकांना लिहिलंय. भावंडं, त्यांचे आकडे, दोन भोकांचे फोटो, सगळं पाठवलंय. तुझा किडा साहेबांकडून रीतसर पावती घेऊन तुझ्या प्रमुखांकडे रवाना केला, चोरून नाही. तुझ्या मुलाखतीचं काय होईल मला माहीत नाही. वाईट वाटतंय, पण थांबले नाही.

अण्णांकडे जाऊन आले. त्यांना सगळं सांगितलं. चौकट काढली नाही त्यांनी, फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला मत्सरी ठरवलं होतं, ते मात्र तसंच राहिलं.

आणि नियम तुला माहीत आहे, पण एकदा माझ्या अक्षरात वाच. बाद झालेलं नाव पुसलं जात नाही. ते खऱ्या नावाखाली, बाद नावांच्या यादीत कायम राहतं, आणि त्या वंशात दुसऱ्या कुणालाही पुन्हा देता येत नाही. ते नाव बाद आहे, ही ओळ मी माझ्या हाताने लिहिली. आईचं नाव बाद, असं.

परवा सालीखाली दुसरा नर मिळाला. आकडा पहिल्यासारखाच, हुबेहूब. आता शंका उरली नाही, जात नवीच आहे. टाचणी मारून तिसऱ्या खणात ठेवलाय. त्याला काय नाव द्यायचं, सुचत नाही.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची आपल्याकडे रीत आहे. या वेळी ती जागा मोकळी सोडते.

ताई